गाणारा येणार नाहीये, निवांत बसा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मेटल, म्हणजे जड गिटारचं रॉक, आवडतं, पण गायक नसलेला अल्बम लावला की तिसऱ्या ट्रॅकला हात मोबाइलकडे जातो. मग लोक असले अल्बम अख्खे ऐकतात कसे, आणि सुरुवात कुठून करायची?

तुमचं काही चुकत नाहीये. मी पंचवीसेक वर्षं हे ऐकतोय आणि असे कितीतरी अल्बम मीही तिसऱ्या ट्रॅकलाच सोडून दिलेत. गाडीत यातलं काही लावलं की दहा मिनिटांनी बायको विचारते, "सुरुवातीचं म्युझिक संपलं का?" ती चेष्टा करते, पण दुखणं नेमकं तेच आहे. आपण गाणाऱ्याची वाट बघत बसतो.

म्हणून मी नवा अल्बम लावला की आधी एवढंच बघतो, की गायकाची जागा इथे कोणी घेतलीय का, की ती जागाच काढून टाकलीय. दोन्ही प्रकार ऐकायची रीत पूर्ण वेगळी आहे.

पहिल्या प्रकारात गिटार गाते. जेफ बेकचा १९७५ चा 'ब्लो बाय ब्लो' घ्या. निर्माता बीटल्सवाला जॉर्ज मार्टिन. त्यातलं 'कॉज वी हॅव एंडेड अॅज लव्हर्स' मुळात स्टीव्ही वंडरनं लिहिलेलं, आणि आदल्याच वर्षी सिरीटानं शब्दांसकट गायलेलं. आधी तिचं ऐका, मग लगेच बेकचं. शब्द गेले, पण गाणं जागेवर आहे. स्वर कुठून तरी हळूच उगवतो, वर चढताना मध्येच अडखळल्यासारखा होतो. गळ्यानं जे करायचं ते सगळं तो बोटांनी आणि गिटारच्या बटणांनी करतो. पुढे १९८९ च्या 'गिटार शॉप' अल्बममध्ये 'व्हेअर वेअर यू' आहे, बल्गेरियातल्या बायकांच्या समूहगायनावरून सुचलेलं. त्यात व्हॅमी बार (सूर वर-खाली करणारा गिटारवरचा दांडा) दाबत-सोडत तो जे सूर काढतो त्याला आपल्याकडे सरळ मींड म्हणतील, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं. माझ्या मते या प्रकारात याच्या वर काही नाही.

मी स्वतः मात्र जो सॅट्रियानी या गिटारवाल्यामुळे यात पडलो. 'सर्फिंग विथ द एलियन', १९८७. काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमधून घेतलेली कॅसेट, जी मी अक्षरशः झिजवली. आज ऐकताना त्यातला ड्रम मशीनचा ताल जरा प्लॅस्टिक वाटतो, ते सोडा. 'ऑलवेज विथ मी, ऑलवेज विथ यू'चा मधला भाग नीट ऐका. प्रकाश एकदम उतरल्यासारखा वाटतो. तिथे मेजरचं (उजळ सुरांचं) मायनर (उदास) झालंय, पण मूळ सूर हललेला नाही. आपल्या भाषेत सा तोच, बिलावल थाटावरून आसावरीवर गेला. हे कळल्यावर मला तो ट्रॅक नव्यानं आवडला.

वेगवान गिटारवाल्यांचं म्हणाल तर ऐंशीच्या दशकाच्या शेवटी त्यांचं पीक आलं होतं, आणि त्यातलं बरंचसं मला रियाजाची वही वाचल्यासारखं वाटतं. अपवाद जेसन बेकरचा 'पर्पेच्युअल बर्न' (१९८८). तेव्हा पोरगा वीस वर्षांचाही नव्हता. त्यातलं 'एअर' ऐका, वेगाच्या पलीकडे त्याच्याकडे काय होतं ते कळेल.

आता दुसरा प्रकार, जिथे तुम्ही बहुधा अडकताय. इथे कोणीच गात नाही आणि सुरावट शोधत बसलात तर हाती काही लागत नाही. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियाच्या कार्मा टू बर्न या बँडची गंमत आहे. पहिल्या अल्बमच्या वेळी कंपनीनं हट्ट धरून गायक घ्यायला लावला. १९९९ च्या दुसऱ्या अल्बमपर्यंत यांनी त्याला काढून टाकलं होतं आणि गाण्यांना नावांऐवजी सरळ आकडे दिले. नुसत्या रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारे गिटारचे छोटे तुकडे, एकामागून एक. मान हलली तर हलली.

शिकागोचा रशियन सर्कल्स हा बँड मला जास्त जवळचा. तिघंच जण. गिटारवाला पायाखालच्या पेडलवर एक तुकडा लूप करून, म्हणजे पुन्हा पुन्हा आपोआप वाजत, ठेवतो, त्यावर दुसरा, मग तिसरा, आणि बघता बघता तिघांची फौज होते. 'स्टेशन' (२००८) लावा आणि पहिल्या ऐकण्यात गिटारकडे लक्षच देऊ नका, फक्त ड्रम ऐका. गोष्ट ड्रमरच सांगतो. कधी रोखून धरायचं, कधी सोडायचं हे सगळं त्याच्या हातात. मला हे कळायला चार-पाच वर्षं गेली, तुम्हाला फुकटात सांगतोय. शिकागोच्याच पेलिकनचा 'ऑस्ट्रलेशिया' (२००३) मात्र घाईत ऐकू नका, त्याचा पहिलाच ट्रॅक अकरा मिनिटांच्या आसपास आहे.

दोन्हींच्या मधलं काही हवं असेल तर लिक्विड टेन्शन एक्सपेरिमेंट या बँडचा १९९९ चा दुसरा अल्बम. ध्वनिमुद्रण चालू असतानाच गिटारवाल्या जॉन पेट्रुचीच्या बायकोला बाळंतकळा सुरू झाल्या आणि तो पळाला. 'व्हेन द वॉटर ब्रेक्स' (पाणमोट फुटते तेव्हा) हे सतरा मिनिटांच्या ट्रॅकचं नाव त्यावरूनच पडलं.

माझ्या मते तुम्ही बेकपासून सुरुवात करा, एका दिवशी एकच अल्बम, आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत. 'स्टेशन' पंधरवड्यानंतर. कोणी अर्थ या बँडचा 'अर्थ २' सुचवला तर सध्या हो हो म्हणून सोडून द्या: तीन ट्रॅक, सत्तर मिनिटांच्या वर, ताल जवळजवळ नाहीच, नुसता गिटारचा घुमारा. मलाही तो फक्त कपड्यांना इस्त्री करतानाच पुरा ऐकता येतो, आणि त्या दिवशी शर्टांच्या कॉलर मात्र फार छान होतात.