हवा कुठे शिरली, कुठून निसटली

प्रिय मुला,

अनेक आशीर्वाद.

जुना टाटा 1613 ट्रक घेतलास, 697 इंजिनाचा, मायकोच्या इनलाइन डिझेल पंपाचा. नावातच इंजिनाची कुंडली आहे: सहा सिलिंडर, 97 मिलिमीटर बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास. या गाडीत इंजिन चालवायला कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही. ती बंद पडली तर कारण डोळ्यांनी दिसतं, कानांनी ऐकू येतं किंवा हाताला लागतं. अशा गाडीचे रस्त्यातले बहुतेक खोळंबे हवेचे असतात. डिझेलच्या लाइनीत नको असताना शिरलेली हवा आणि ब्रेकच्या लाइनीतून नको असताना निसटलेली हवा. पहिलीचं काम तू स्वतः करू शकतोस. दुसरीत कुठवर हात घालायचा याला हद्द आहे. पत्र त्याबद्दलच आहे.

गाडी चालता चालता पिकअप सोडते, रेस वर-खाली होते, मग बंद. सेल्फ (स्टार्टर) जोरात फिरतो, पण सायलेन्सरमधून धुराचा टिपूसही नाही. धूर नाही म्हणजे सिलिंडरपर्यंत डिझेलच पोचत नाही. अशा वेळी पंपाची सील तोडू नकोस, टायमिंगला हात लावू नकोस. आधी टाकी बघ. चढावर, टाकी तळाला आलेली असेल तर आतल्या नळीचं तोंड उघडं पडतं आणि ती हवा ओढते. टाकीचं झाकण उघडताना आत ‘फुस्स’ आवाज झाला, तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. गाडी थोडा वेळ नीट चालून बंद पडते आणि झाकण उघडलं की परत चालते, ती याचमुळे. टाचणीने भोक मोकळं कर, काम संपलं.

टाकीत डिझेल असेल तर एअर काढायची, म्हणजे लाइनीत अडकलेली हवा. पंपाच्या बाजूला टाकीतून डिझेल ओढणारा फीड पंप आहे, त्यावर हाताने दाबायचा प्रायमर. त्याची मूठ फिरवून सैल कर. पहिल्या डिझेल फिल्टरच्या डोक्यावरचा स्क्रू दोन फेरे सोड आणि प्रायमर मारत राहा. आधी फेस येईल, मग बुडबुडे, मग सलग धार. धार सलग झाली की प्रायमर मारता मारताच स्क्रू आवळ. हात थांबवून आवळलास तर थोडी हवा परत आत जाते. मग दुसरा फिल्टर, मग पंपाच्या अंगावरचा स्क्रू, याच क्रमाने. टाकीपासून पंपाकडे जायचं, उलट नाही. शेवटी प्रायमरची मूठ खाली दाबून फिरवून बंद कर. ती सैल राहिली की तिथूनच गळती सुरू होते, आणि हे विसरणारे बरेच आहेत.

एवढ्यावर इंजिन लागलं नाही तर नोझलकडच्या (सिलिंडरमध्ये डिझेल फवारतं ते) दोन-तीन पाइपांचे नट अर्धा फेरा सैल करून सेल्फ मार. डिझेल उडायला लागलं की आवळ. या पाइपांत दोनशे बार आणि त्याहून जास्त दाब असतो. चालू इंजिनात तिथे बोट किंवा तळवा आडवा धरायचा नाही. धार कातडीतून आत जाते, जखम सुईच्या टोकाएवढी दिसते आणि हात कापायची वेळ येते. सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदच मारायचा, मग मिनिटभर थांबायचं. नाहीतर सेल्फ जळतो आणि बॅटरी उतरते.

एअर काढली, गाडी लागली, पाच-दहा किलोमीटरवर पुन्हा बंद. आता हवा कुठून शिरते ते शोधायचं, आणि इथेच नवखा माणूस फसतो. तो डिझेल कुठे टपकतंय ते बघत बसतो. फीड पंपाच्या पुढे लाइनीत दाब असतो, तिथे फट पडली तर डिझेल बाहेर येतं आणि दिसतं. पण टाकीपासून फीड पंपापर्यंतची लाइन ओढीवर चालते. तिथली फट डिझेल बाहेर सोडत नाही, हवा आत घेते. बाहेरून सगळं कोरडं ठणठणीत दिसतं. म्हणून कोरडी बाजू तपास: तडकलेला रबरी पाइप, क्लिपखाली दबून चिरलेला भाग, चासीला घासून झिजलेली लोखंडी नळी, बॅन्जो बोल्टचे (पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) तांब्याचे वायसर. एकदा चेपलेला वायसर पुन्हा वापरला की तो बसत नाही. नवे दहा-बारा वायसर डबीत ठेव, किंमत नगण्य असते. नवा मिळालाच नाही तर जुना तापवून लाल कर आणि गार होऊ दे. तांबं मऊ होतं आणि वायसर पुन्हा बसतो.

दोष कुठल्या बाजूला आहे हे ठरवायची खात्रीची रीत सांगतो. पाच लिटरचा डिझेलचा कॅन फीड पंपापेक्षा उंच, पण एक्झॉस्टपासून लांब बांध. फीड पंपाच्या येणाऱ्या तोंडाला पारदर्शक नळी लावून तिचं दुसरं टोक कॅनमध्ये बुडव, एअर काढ आणि गाडी जागेवर चालव. आता नीट चालली तर दोष टाकीकडच्या लाइनीत. तरीही बंद पडली तर फीड पंप किंवा फिल्टर. फीड पंपाची जाळी आणि त्यातले झडपेचे छोटे तुकडे काढून डिझेलने धुता येतात. एक कणही अडकला तर पंप ओढत नाही. फिल्टर बदलताना आतली रबरी रिंगही बदल. जुन्या रिंगेवर नवा फिल्टर बसवून मग ‘एअर घेते’ म्हणणाऱ्यांना काय सांगावं!

इंजिन चालतंय पण एक सिलिंडर मारत नाही असं वाटलं, तर आयडलवर (रेस न देता) एकेक नोझलचा नट, वर चिंधी टाकून आणि हात धारेसमोर न आणता, जरासा सैल कर. नट सैल केल्यावर इंजिनाचा आवाज पडला तर तो सिलिंडर काम करतोय. आवाज बदलला नाही, तोच मेलेला. त्याचं नोझल काढून शेजारच्या सिलिंडरला लाव. दोष नोझलबरोबर गेला तर नोझल. जागेवरच राहिला तर पंपाचं एलिमेंट (त्या सिलिंडरला डिझेल ढकलणारा भाग), वॉल्व किंवा कॉम्प्रेशन. नोझल दुकानात टेस्ट करून घे, पंप कॅलिब्रेशनच्या मशीनवर जाऊ दे. ते रस्त्याकडेचं काम नाही.

गळक्या टाकीला ओला साबण घासून भोक भरता येतं, डिझेलला तो विरघळत नाही. गावापर्यंत पोचवतो. पुढे टाकी काढून वाफ पूर्ण घालवल्याशिवाय तिला वेल्डिंग लावू देऊ नकोस, वेल्डरने कितीही भरवसा दिला तरी.

इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचं थोडक्यात. तापमानाचा काटा लाल खुणेकडे चालला की गाडी बाजूला घे, पण इंजिन लगेच बंद करायचं नाही. पंख्याचा पट्टा आणि पाणी जागेवर असेल तर हलक्या रेसवर दोन-तीन मिनिटं फिरू दे. पट्टाच तुटलेला असेल किंवा पाणी वाहून गेलं असेल तर मात्र त्या क्षणी बंद. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नकोस, आणि तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नकोस. हेडला चीर जाते. ऊस वाहणाऱ्या गाड्यांत रेडिएटर आतून चांगला असतो आणि बाहेरून पाचट, धूळ बसून बुजलेला असतो. इंजिनाच्या बाजूने पुढे पाणी मारून धू. होज पाइप फुटला तर जुन्या ट्यूबची पट्टी ताणून आवळून गुंडाळ, वर तार, आणि झाकण पहिल्या खाचेवर ठेव म्हणजे आत दाब तयार होणार नाही. इंजिन चालू असताना रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येत असतील किंवा ऑइलची काडी दुधाळ दिसली, तर बहुधा हेड गॅस्केट गेलं. तिथून टो करूनच न्यायची. थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्ला सगळे देतील. ऐकू नकोस, तो काढल्याने मूळ दोष झाकला जातो.

आता दुसरी हवा, ब्रेकची. एअरच्या टाकीत सात-आठ किलो प्रेशर भरल्याशिवाय गाडी हलवायची नाही, आणि चालताना काटा पाचच्या खाली आला की थांबायचं. रोज संध्याकाळी एअरच्या टाक्यांचे कॉक उघडून पाणी सोड, पावसाळ्यात दोनदा. पाण्याबरोबर काळं ऑइल यायला लागलं तर कॉम्प्रेसरच्या (टाकीत हवा भरणाऱ्या पंपाच्या) रिंगा झिजल्यात. प्रेशर भर, इंजिन बंद कर, कुणाला तरी ब्रेकचं पेडल पूर्ण दाबून धरून काटा बघायला सांग, आणि तू साबणाचं पाणी घेऊन जोडांवर फिर. बुडबुडे येतील तिथे गळती. जोड आवळणं, पाइप बदलणं, ही तुझी कामं.

स्लॅक अॅडजस्टरही, म्हणजे ब्रेकची ढिलाई काढायचं कामही, तूच कर. आधी बाकीच्या चाकांना लाकडी गुटके, मग हँडब्रेक सोड, मग ज्याचा ब्रेक आवळायचा ते चाक जॅकवर. लायनर ड्रमला टेकेपर्यंत आवळ, मग साधारण अर्धा फेरा सैल सोड. चाक हाताने मोकळं फिरलं पाहिजे. दोन्ही बाजू सारख्या ठेव, नाहीतर ब्रेक मारल्यावर गाडी एका अंगाला ओढते. आवळूनही पुशरॉड (अॅडजस्टरला ढकलणारा दांडा) लांब येत असेल तर लायनर किंवा ड्रम संपलाय, अॅडजस्टर फिरवून भागणार नाही.

हद्द इथे आहे. हँडब्रेकच्या जागी स्प्रिंग ब्रेकचा डबा असेल तर त्याचा पट्टा कधीही खोलू नकोस. आतली स्प्रिंग दाबून बंद केलेली असते, ती सुटली तर समोरचा माणूस जगत नाही. प्रेशर गेल्यामुळे चाकं जाम झाली तर आधी चाकांना गुटके लाव, मग पाठीमागच्या बोल्टने स्प्रिंग आवळून चाक मोकळं करता येतं, पण मोकळं झाल्यावर त्या चाकाला पार्किंग ब्रेक उरत नाही. स्टिअरिंगच्या ड्रॅग लिंकला, टाय रॉडला (चाकं वळवणाऱ्या दांड्यांना) रस्त्यावर जुगाड नाही. पुढच्या कमानीचा मुख्य पाटा तुटला तर गाडी तिथेच उभी. मधला पाटा असेल तर माल कमी करून हळू आणता येते.

आणि कसारा असो की खंबाटकी, डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल टाकून इंजिन बंद करणारे भेटतील. इंजिन बंद म्हणजे कॉम्प्रेसर बंद, दर ब्रेकला काटा खाली येणार आणि परत भरणार नाही. ज्या गिअरात घाट चढवतोस त्याच गिअरात उतरव.

विजेची काळजी कमी कर. तुझ्या इंजिनाला चालायला करंट लागत नाही, म्हणून अल्टरनेटर गेला तरी दिवसाउजेडी घरी येता येतं. फक्त मध्ये इंजिन बंद करायचं नाही. बंद करायची केबल तुटली तर पंपावरचा स्टॉप लिव्हर हाताने ओढ. सेल्फ मंद फिरत असेल तर बॅटरीआधी चासी आणि इंजिन यांच्यातली अर्थिंगची केबल उघडून कानसने घास. फ्यूजच्या जागी तार घालू नकोस, वायरिंग जळतं.

चाक बदलताना जॅकखाली फळी, समोरच्या चाकांना गुटके, आणि चाक जमिनीवर असतानाच नट अर्धा फेरा सैल. आवळताना समोरासमोरचे नट आवळ आणि पन्नास-शंभर किलोमीटरवर पुन्हा आवळ. काही जुन्या गाड्यांना डाव्या बाजूला उलटे आटे असतात, स्टडच्या टोकावर खूण असते. ती न बघता पाइप घालून जोर लावला की स्टड तुटतो.

क्लचच्या सिलिंडरचं राहिलं, ते पुढच्या पत्रात. तोवर एकदा अंगणातच, घाई नसताना, एअर काढून बघ आणि किती मिनिटं लागली ते कळव.

तुझा
काका