पहिल्या क्लिनिकल पोस्टिंगपूर्वी नेमकी कोणती तयारी करावी?

बी.एस्सी. नर्सिंगच्या पहिल्या वर्षात शिकताना पुढील महिन्यापासून सरकारी रुग्णालयाच्या मेडिसिन वॉर्डात पोस्टिंग आहे, प्रात्यक्षिकांचा सराव झाला आहे, तरीही धास्ती वाटते. मग आता आणखी काय वाचावे, असे तुम्ही विचारले आहे. अनेक वर्षे वॉर्डात काम केल्यावर माझे मत असे आहे की, आता नवे पुस्तक उघडू नये.

आधी लसीकरणाचे कार्ड काढून पाहा. हिपॅटायटिस बीच्या तीन मात्रा ०, १ आणि ६ महिने अशा अंतराने घ्यायच्या असल्याने पहिली अजून झाली नसेल, तर ती याच आठवड्यात घ्या. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावू नका. ती थेट पांढऱ्या, सुईने भोक न पडणाऱ्या डब्यात टाका. तरीही टोचलीच, तर जखम पिळू नका, साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा आणि लगेच इनचार्ज सिस्टरांना सांगा. एचआयव्ही प्रतिबंधाची औषधे लागलीच, तर ती शक्यतो २ तासांत आणि कोणत्याही परिस्थितीत ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. बोलणी बसतील या भीतीने संध्याकाळपर्यंत गप्प राहणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत, म्हणून हे आवर्जून लिहिते आहे.

वॉर्डात तुमच्या हाती सर्वप्रथम येईल ते टी.पी.आर.चे, म्हणजे तापमान, नाडी आणि श्वसन मोजून चार्टवर लिहिण्याचे काम. कोणताही जुना चार्ट उघडा, श्वसनाच्या रकान्यात बहुधा वरपासून खालपर्यंत २०, २०, २० असेच आकडे दिसतील, कारण तापमान थर्मामीटर दाखवतो, नाडी बोटांना लागते, श्वास मात्र कोणी मोजत बसत नाही. विद्यार्थिनी असताना मीही तेच करत असे. एकदा इनचार्ज सिस्टरांनी तो चार्ट हातात घेऊन मला त्याच खाटेपाशी परत नेले आणि घड्याळ पाहत पूर्ण मिनिटभर श्वास मोजायला लावले. आकडा ३४ निघाला. त्या आजोबांना न्यूमोनिया होता, त्यांच्या नाकपुड्या फुलत होत्या, आणि मी शेजारी उभी राहून २० लिहिले होते.

म्हणून या महिन्यात घरच्यांवर सराव करा. नाडी मोजून झाली तरी बोटे मनगटावरच ठेवून नजर छातीकडे वळवावी, कारण ‘आता श्वास मोजते’ असे म्हटले की माणसाचा श्वास बदलतो. विश्रांती घेत असलेल्या निरोगी प्रौढ व्यक्तीच्या श्वासाचा वेग मिनिटाला १२ ते २० असतो, हे दहा जणांवर पडताळले की वेगळा श्वास नजरेला आपोआप खटकू लागतो. सेकंदकाटा असलेले घड्याळ घ्या, पण वॉर्डात ते मनगटावर न बांधता गणवेशाला लावा, म्हणजे हात नीट धुता येतात.

राहिली धास्ती. ड्यूटीच्या १५ मिनिटे आधी पोहोचून रात्रपाळीचा हँडओव्हर ऐकला, तर कोणत्या खाटेवर काय चालले आहे ते कळते आणि निम्मी धास्ती तिथेच ओसरते. वॉर्डातल्या मावशींशी आदराने बोला. ड्रेसिंगची ट्रॉली कुठे असते हे त्याच सांगतील. जे अजून केलेले नाही, ते ‘सिस्टर, हे मी केलेले नाही, शेजारी उभ्या राहाल का?’ असे स्पष्ट विचारूनच करा. राउंडच्या घाईत एखाद्या सिस्टर वैतागतीलही, पण उभ्या राहतील.