हंगेरीच्या दुर्मिळ 'मुदी' कुत्र्याबद्दल रंजक माहिती काय आहे?

मुदी हा हंगेरीतला मेंढपाळांचा कुत्रा. तिथल्याच पुली आणि पुमी या कुत्र्यांच्या जातींचा हा जवळचा नातलग, पण त्यांच्याइतकं नाव याच्या वाट्याला आलं नाही. ही जात कोणी मुद्दाम तयार केली नाही. मेंढपाळ कामाचं कुत्रं तेवढं राखत गेले आणि त्यातून ती घडली. १९३०च्या दशकात एका संग्रहालयाचे संचालक डॉ. देझ्यो फेन्येश यांनी ती वेगळी ओळखली.

दुसऱ्या महायुद्धात मुदी जवळजवळ संपलाच होता. १९६६मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली, कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकन केनेल क्लबची पूर्ण मान्यता मात्र थेट २०२२मध्ये.

मला सर्वात आवडतं ते याचं धाडस. उंची जेमतेम ३८ ते ४७ सेंमी, वजन ८ ते १३ किलो, तरीही मेंढ्यांबरोबर अडेलतट्टू गुरंसुद्धा बिनधास्त हाकतो. तोंडावर आखूड केस, अंगावर कुरळे, कान ताठ. काही पिल्लं जन्मतःच आखूड शेपटीची असतात. फिनलंडमध्ये तर शोध आणि बचावाच्या कामालाही मुदी वापरतात.

फक्त शोभेसाठी मात्र कृपया पाळू नका. याला रोज भरपूर पळायला आणि डोकं चालवायला काम लागतं, नाहीतर भुंकून घर डोक्यावर घेतो.