‘प्रेस गँग’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आहे: अठराव्या शतकातल्या ब्रिटिश आरमाराबद्दल मराठीत लिहिताना ‘प्रेस गँग’साठी ‘वेठबिगारांची टोळी’ चालेल का?

नाही चालणार. वेठबिगार म्हणजे राबणारा. ही टोळी पकडणाऱ्यांची. हातात सोटे घेऊन बंदरातल्या गल्ल्यांत फिरायची, परतणाऱ्या व्यापारी जहाजांवर चढायची आणि घर दिसू लागलेल्या खलाशाला उचलून लढाऊ जहाजावर घालायची. शिवाय ‘वेठ’ (संस्कृत ‘विष्टि’) आणि फारसी ‘बिगार’ या दोन्हींत फुकट राबणं आहे. या खलाशाला पगार होता. तुटपुंजा, वर्षानुवर्षं थकलेला, पण होता.

आता मूळ शब्द पाहा. या ‘प्रेस’चा उगम दाबण्यात नाही. जुन्या फ्रेंचमधला ‘प्रेस्ट’ म्हणजे आगाऊ दिलेली रक्कम. ऊसतोडीला निघताना कोयता, म्हणजे ऊस तोडणारं जोडपं, मुकादमाकडून जी घेतो, ती उचल! हातावर नाणं टेकवलं की माणूस राजाचा झाला. पुढे नाणं मागे पडलं, बळजबरी उरली, आणि लोकांना शब्दही दाबण्याचाच वाटू लागला.

ब्रिटिश आरमारातल्या १७९७च्या बंडात हा जुना अर्थ पुन्हा वर येतो, म्हणून मला ते प्रकरण फार मोलाचं वाटतं. एप्रिलमध्ये पोर्ट्समथजवळच्या स्पिटहेड या नांगरतळावरच्या खलाशांनी नांगर उचलायला नकार दिला. कुशल खलाशाचा पगार १६५०च्या दशकापासून महिना २४ शिलिंगवर अडकलेला, शिधा मोजताना पौंडात १६ऐवजी १४ औंस. पगारवाढ मिळाली, माफीही मिळाली. मे महिन्यात थेम्सच्या मुखाशी नोअरला दुसरं बंड झालं, आणि तिथली भाषा आणखी पुढे गेली. जहाजागणिक निवडलेले ‘डेलिगेट’ स्पिटहेडलाही होते; इथे त्यांचा ‘प्रेसिडेंट’ही होता, रिचर्ड पार्कर. फ्रान्समधली क्रांती ताजी असताना हे शब्द ऐकून सरकार हादरलं. ३० जूनला पार्करला ‘सँडविच’ जहाजावर फाशी दिलं.

नोअरच्या बंडखोरांच्या आठ मागण्यांत सक्तीची भरती बंद करा, असं कुठेच नाही. पाचवं कलम एवढंच मागतं की जहाजाचा पगार वाटताना, धरून आणलेल्या ज्या माणसांची पाळी अजून आलेली नाही, त्यांना गरजेच्या वस्तू घेण्यापुरते दोन महिन्यांचे पैसे आगाऊ द्या. म्हणजे उचलच! बळजबरी गृहीत धरून तिच्या नावात दडलेला पैसा ते मागत होते.

तेव्हा टोळीला ‘धरपकड टोळी’ म्हणावं, आणि भरतीला ‘सक्तीची भरती’. क्रियापद मात्र वेठीचंच हवं, कारण पगार असला तरी राजाच्या कामाला माणूस जबरीनं नेणं दुसऱ्या कुठल्या शब्दात इतकं नेमकं येत नाही. फक्त ‘वेठीस धरलं’ लिहू नका. ‘संपकऱ्यांनी प्रवाशांना वेठीस धरलं’ अशा बातम्यांनी त्याचा अर्थ ओलीस ठेवण्याकडे झुकला आहे. सत्तेच्या जुलमाचा शब्द राबणाऱ्यांवरच उलटला, याचं मला वाईट वाटतं. ‘त्याला आरमारात वेठीला धरून नेलं’ असं लिहा. ‘नेलं’ आलं की घोटाळा होत नाही.