दहावी नापास आहे. एजंट म्हणतो, ‘आधी व्हिजिट व्हिसावर दुबईला जा, तिथे वर्क व्हिसा करून देतो.’ जाऊ का?

नका जाऊ, अजिबात नको. व्हिजिट व्हिसावर तिथे काम करणं बेकायदा आहे. मालकाने पगार थकवला तर तक्रार करायला हातात करारही नसतो, आणि मुदत संपली की दंड तुमच्या डोक्यावर.

दहावी झालेली नसेल तर तुमच्या पासपोर्टवर बहुधा ईसीआरची (परदेशी नोकरीला जाण्याआधी सरकारी तपासणी आवश्यक, अशी) नोंद असेल. अशा पासपोर्टवर यूएईमध्ये (दुबई याच देशात येते) नोकरीला जायचं तर ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवरून एमिग्रेशन क्लिअरन्स, म्हणजे नोकरीसाठी देशाबाहेर जाण्याची परवानगी, घ्यावा लागतो. व्हिजिट व्हिसाची पळवाट एजंट दाखवतात ती हाच टप्पा टाळायला. पण त्या टप्प्यातच मालक, पगार आणि करार यांची नोंद सरकारकडे होते. शिवाय प्रवासी भारतीय विमा योजनेत अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर 10 लाखांचं संरक्षण मिळतं. घरच्यांसाठी तरी हे सोडू नका.

आता एजंटला सरळ विचारा, ‘तुमचा आरए नंबर (रिक्रूटिंग एजंट म्हणून सरकारी नोंदणीचा क्रमांक) काय?’ तो ई-मायग्रेटच्या यादीत स्वतः शोधा. नोंदणीकृत एजंटला जास्तीत जास्त 30,000 रुपये अधिक जीएसटी एवढीच फी घेता येते, तीही पावती देऊन. लाख-दीड लाख रोख मागत असेल तर तिथूनच उठा. यूएईच्या कायद्याप्रमाणे भरतीचा खर्च मालकाचा असतो, कामगाराकडून तो वसूल करता येत नाही.

ऑफर लेटरवर सही करण्याआधी मूळ पगार आणि भत्ते वेगवेगळे लिहिलेत का ते बघा. ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मिळणारी रक्कम, मूळ पगारावर मोजतात. आणि मूळ पासपोर्ट एजंटकडे ठेवून येऊ नका, झेरॉक्स द्या.