मदत घेतली म्हणून प्रत्येक गोष्टीला हो म्हणावंच लागतं का?

चर्चशी जोडलेल्या सेवाभावी संस्थांकडून मदत घेणाऱ्या कुटुंबांबरोबर मी समुपदेशक म्हणून काम करते. या घरांमधून एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत माझ्यापर्यंत येत राहतो. कुणी विचारतं, "ते प्रार्थनेला बोलावतात, नाही गेलं तर चालेल का?" कुणी म्हणतं, "दिलेल्या वस्तूचा आम्हाला उपयोग नाही, पण नको म्हटलं तर माजलेत असं वाटेल ना त्यांना?" एखादी आई आवाज खाली आणून विचारते, "त्यांना राग आला तर मुलांची फी बंद होईल का?" ज्यांच्या हातून घेतो त्यांना नाही म्हणायची सोय आपल्याला उरते का, हे या सगळ्यांना जाणून घ्यायचं असतं.

ती सोय उरलीच पाहिजे. मदत चांगली की वाईट हे मी दिलेल्या वस्तूंवरून ठरवत नाही. घेणाऱ्यानं नाही म्हटल्यावर पुढच्या आठवड्यात काय होतं, ते बघते. पण घरात मिळकत नसताना नाही म्हणणं किती अवघड असतं, हे एका आईच्या अनुभवावरून सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत, आणि लिहायला तिची आणि तिच्या मुलीची परवानगी आहे.

ही आई स्वतःसाठी आलीच नव्हती. तक्रार तेरा वर्षांच्या मुलीची होती. मुलगी संस्थेच्या अभ्यासिकेत जाईनाशी झाली होती, घरी उलट बोलत होती, गृहभेटीला येणाऱ्या स्वयंसेविकेसमोरून उठून जात होती. "एवढं करतात ते आपल्यासाठी आणि ही अशी वागते. तुम्ही समजवा तिला," असं आईचं म्हणणं. कामावरच्या अपघातानंतर नवरा घरी बसला होता. दोन्ही मुलांची फी आणि महिन्याचा शिधा संस्थेकडून येत होता. ही मदत नसती तर मुलीची शाळा सुटली असती, हे खरंच होतं.

मुलीशी वेगळं बोलले. संस्थेच्या वार्षिक अहवालात तिच्या घराचा फोटो छापला होता आणि त्याखालचा मजकूर असा होता, की वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे फक्त असहाय माणसंच उभी राहावीत. वर्गातल्या एका मैत्रिणीचे आईवडील देणगीदार निघाले. अहवाल त्यांच्या घरी पोचला आणि मैत्रिणीनं चारचौघींत विचारलं, "ही तूच ना?" मुलगी मला हे सांगताना रडली नाही. ती एवढंच म्हणाली, "आईनं मला न विचारता हो म्हटलं. ती सगळ्यालाच हो म्हणते."

त्या वाक्यानंतर मी मुलीऐवजी आईबरोबर काम सुरू केलं.

आईला मी एका कागदावर दोन रकाने करायला सांगितले. एकात मनापासून हो म्हटलेल्या गोष्टी, दुसऱ्यात हो म्हटलं पण नाही म्हणायचं होतं त्या. दुसरा रकाना भराभर भरला. फोटो. कुणालाही न होणाऱ्या कपड्यांच्या पिशव्या. देणगीदारांच्या कार्यक्रमात उभं राहून आपली कहाणी सांगणं. न कळवता झालेली गृहभेट. मला वाटलं होतं प्रार्थनाही तिथेच येईल, कारण हे कुटुंब ख्रिस्ती नव्हतं. पण ती पहिल्या रकान्यात होती. स्वयंसेविका नवऱ्यासाठी प्रार्थना करायच्या तेव्हा आईला बरं वाटायचं. आपल्या माणसाची कुणाला तरी काळजी आहे असं वाटायचं. मुलीनं हात जोडून डोळे मिटायचे, हा आग्रह मात्र नको होता. माणसाचा नकार असा नेमका असतो. ही बारकाई ऐकून न घेता "धर्माचा त्रास होतोय" किंवा "काहीच त्रास नाही" असं ठरवून टाकलं, की त्या बाईचं म्हणणं कुणीच ऐकलेलं नसतं.

गृहभेटीच्या दिवशी तिचं डोकं सकाळपासून दुखायचं. घर ती दोनदा झाडायची आणि भावानं दिलेली नवी चादर आत नेऊन ठेवायची. चादर दिसली तर "यांचं बरं चाललंय" असं वाटेल, ही धास्ती. स्वतःच्या घरात आलेली एक चांगली वस्तू लपवावी लागते, याचं मला फार वाईट वाटलं.

अशा वेळी "तुमच्या मनाचे खेळ आहेत" असं मी म्हणत नाही. तिची भीती कुठून आली होती ते बघा. मदत किती महिने मिळणार, ती चालू ठेवायची की थांबवायची हे कोण ठरवतं, कोणत्या कारणानं थांबते, यातलं काहीच तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिला माहीत होती ती फक्त स्वयंसेविकेच्या हातातली वही, जिच्यात तिचं नाव होतं. नियम माहीत नसले की माणूस देणाऱ्याची मर्जी राखायला लागतो. मर्जी किती राखली म्हणजे पुरे, हे कुणालाच कळत नाही, म्हणून तो राखतच राहतो. यात स्वभावाचा भाग थोडा असेल, पण मोठा भाग व्यवस्थेचा आहे.

कृतज्ञता आणि मिंधेपणा या दोन भावना बाहेरून सारख्या दिसतात, दोन्हींत माणूस मान लववून आभार मानतो. आतून त्या वेगळ्या असतात. मानसशास्त्रज्ञ फिलिप वॉटकिन्स आणि सहकाऱ्यांनी २००६ साली यावर अभ्यास प्रसिद्ध केला. देणाऱ्याची परतफेडीची अपेक्षा जसजशी वाढली, तसतसं उपकाराचं ओझं वाढलं आणि कृतज्ञता कमी झाली. आईला मी हे साध्या शब्दांत सांगितलं. मुलगी कृतघ्न नाही, तिला ते ओझं सहन होत नाहीये, हे तिला तेव्हा पहिल्यांदा पटलं असावं. ती बराच वेळ गप्प बसली.

मग नाही म्हणायचा सराव. मी स्वयंसेविका व्हायचे, ती तीच राहायची. सुरुवातीला तिच्या वाक्यात माफी एवढी असायची की नकार ऐकूच येत नव्हता. आम्ही शब्द कमी करत गेलो. सर्वांत कमी धोक्याचा नकार निवडला, कपड्यांचा. "ताई, आमची आठवण ठेवलीत, बरं वाटलं. हे कपडे आमच्यात कुणालाच होत नाहीत, दुसऱ्या घरी कामी येतील." एवढंच बोलून थांबायचं आणि कारणांची माळ लावायची नाही. जमल्यास पुढे गरज सांगायची. तिची खरी गरज होती नवऱ्याच्या नुकसानभरपाईच्या कागदांसाठी कचेरीत कुणीतरी सोबत येण्याची. इतक्या महिन्यांत ती तिनं कधी बोलून दाखवली नव्हती, कारण कुणी विचारलंच नव्हतं.

इच्छा चांगली आणि पद्धत चुकलेली, हे दुखणं जुनं आहे. १६१७ साली फ्रान्समधल्या शातियों इथे व्हिन्सेंट डी पॉल या धर्मगुरूंनी एका आजारी कुटुंबाची हकिकत प्रवचनात सांगितली. लोक अन्न घेऊन त्या घराकडे लोटले. व्हिन्सेंटच्या लक्षात आलं, की आज आलेलं बरंचसं नासून जाईल आणि काही दिवसांनी घर पुन्हा रिकामं होईल. त्यांनी तिथल्या स्त्रियांचं मंडळ करून पाळ्या ठरवल्या, नियम लिहिले. सेवा करणारीनं आजाऱ्याशी कसं वागायचं, हेही त्या नियमांत होतं. आपल्या मनाचा उमाळा आणि समोरच्याची गरज यांत अंतर असतं, हे त्यांनी ओळखलं होतं.

आईच्या संमतीनं मी संस्थेच्या लोकांबरोबर बैठक घेतली. त्या स्वयंसेविका वयस्क, मायाळू, उन्हापावसात पायी येणाऱ्या. त्यांना हे फार लागलं. "म्हणजे मी माझी श्रद्धा घरी ठेवून यायचं का? तिच्यामुळेच तर मी येते," त्या म्हणाल्या. प्रश्न प्रामाणिक होता. श्रद्धा लपवायची गरज नाही, असं मी म्हटलं. आधी विचारायचं, आणि नको म्हटल्यावर त्याच प्रेमानं पुढचं बोलायचं. प्रार्थनेविषयी विचारणाऱ्याच्या हातात शिध्याची यादी मात्र नसावी, कारण यादी हातात असताना विचारलेला कोणताही प्रश्न समोरच्याला हुकूम वाटतो.

आपत्तीत मदत करणाऱ्या संस्थांसाठी १९९४ साली रेड क्रॉस चळवळ आणि स्वयंसेवी संस्थांनी मिळून एक आचारसंहिता केली. मदतीचा वापर कोणतीही राजकीय वा धार्मिक भूमिका पुढे रेटण्यासाठी करायचा नाही, आणि प्रसिद्धी करताना संकटातल्या माणसांना केविलवाणं दाखवायचं नाही, त्यांचा मान राखायचा, हे दोन्ही तिच्यात आहे. ती तयार करणाऱ्यांत कॅरितास इंटरनॅशनलिस ही कॅथलिक संघटनाही होती. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००५ च्या आपल्या परिपत्रकात लिहिलं, की प्रेमाची सेवा दुसरं काही साधण्याचं साधन म्हणून करायची नसते. म्हणजे ही अपेक्षा बाहेरच्यांनी चर्चवर लादलेली नाही.

संस्थेच्या पाळकांनी, म्हणजे धर्मगुरूंनी, त्या बैठकीत बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाचा सहावा अध्याय काढला. यरुशलेममधल्या पहिल्या ख्रिस्ती मंडळीत ग्रीक बोलणाऱ्यांनी तक्रार केली, की रोजच्या वाटणीत आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होतं. प्रेषितांनी, म्हणजे येशूच्या शिष्यांनी, तक्रार करणाऱ्यांना गप्प केलं नाही. वाटणीचं काम बघायला सात जण निवडले गेले आणि सातही नावं ग्रीक आहेत, म्हणजे बहुधा तक्रार करणाऱ्यांमधलीच माणसं. हे मला ठाऊक होतं, पण पाळकांच्या तोंडून आल्यानं त्याला वजन आलं. आणि मग स्वयंसेविकाच म्हणाल्या, "येशूनं दहा कुष्ठरोगी बरे केले, आभार मानायला एकच परत आला. नऊ जणांचं बरं होणं प्रभूनं काढून घेतलं नाही." त्यानंतर त्यांच्याशी मला वाद घालावा लागला नाही.

संस्थेनं बदल केले, ते साधेच. मदत कशाची, किती काळ, कोण ठरवतं, तक्रार कुणाकडे करायची, हे एका कागदावर लिहून प्रत्येक घरी दिलं. गृहभेट आधी कळवून. फोटोची संमती मदतीच्या अर्जापासून वेगळी, नंतर मागे घेता येईल अशी, आणि मुलांना स्वतंत्र विचारून. शेवटच्या मुद्द्यासाठी १९८९ चा संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार हाताशी होता: कलम १२ मुलाचं म्हणणं ऐकायला सांगतं, कलम १६ त्याचा खासगीपणा जपायला.

छापून गेलेले अहवाल परत आणता येणार नव्हते. मुलीला ते तसंच सांगितलं. पाळकांनी तिच्यासमोर बसून, आईच्या आडून न बोलता, तिची माफी मागितली. ती "ठीक आहे" म्हणाली आणि अभ्यासिकेत गेली नाही ती नाहीच. तिनं आईची परीक्षाही घेतली. एका कार्यक्रमाचं बोलावणं घेऊन स्वयंसेविका घरी आल्या, तेव्हा सगळ्यांसमोर ती म्हणाली, "मला नाही यायचं." आईच्या पोटात गोळा आला, पण ती एवढंच म्हणाली, "तिला यायचं नाही." पुढच्या आठवड्यात स्वयंसेविका ठरल्या वेळी आल्या, नवऱ्याची चौकशी केली, आणि कागदांचं काम घेऊन आईबरोबर कचेरीत गेल्या. आईची डोकेदुखी त्यानंतर हळूहळू कमी झाली. मायलेकींमधला ताण निवळायला बराच जास्त वेळ लागला.

तुम्ही आज अशा मदतीवर असाल, तर पहिला नकार मोठ्या गोष्टीचा देऊ नका. आधी माहिती मागा: मदत किती काळ मिळेल, कोणत्या अटीवर, निर्णय कुणाचा. हे विचारणं उद्धटपणा नाही. नीट चाललेल्या संस्थेकडे याची उत्तरं तयार असतात. मग एखादी लहान गोष्ट नाकारून बघा. उपासनेला येणं, धर्म बदलणं, कुणाच्या घरी फुकट राबणं किंवा शरीराची जवळीक ही मदतीची अट म्हणून कुणी पुढे ठेवली, तर तो छळ आहे. तिथे सरावाची वाट बघू नका. त्या माणसाला एकटं भेटणं थांबवा आणि संस्थेच्या वरिष्ठांना, तसंच संस्थेबाहेरच्या एखाद्या विश्वासाच्या माणसाला सांगा. शरीराला हात लावला असेल किंवा प्रश्न मुलाचा असेल, तर पोलिसांकडे किंवा बालसंरक्षण यंत्रणेकडे जा.

आणि साध्या नकारानंतर खरंच मदत थांबली तर? तारीख आणि कुणी काय म्हटलं ते लिहून ठेवा, कारण लेखी मागा, आणि दुसरीकडच्या मदतीची चौकशी त्याच दिवशी सुरू करा. दोन ठिकाणी विचारणं ही बेइमानी नव्हे. चौकशीला एकटं जाऊ नका, कुणाला तरी सोबत घ्या.