वहिनी फोनवर कुठली भाषा बोलतात?

प्रश्न : ताई, आम्ही देवळाली कॅम्पला राहतो. शेजारी धारचुल्याकडचं एक फौजी कुटुंब आलंय. वहिनी फोनवर आईशी हिंदी नाही, नेपाळी नाही अशी वेगळीच भाषा बोलतात, सातवीतला पोरगा मात्र त्यांना हिंदीतच उत्तर देतो. म्हणाल्या, ही आमची रं लो, बोलणारे थोडेच उरलेत. खरंच मरायला टेकलीये का ही भाषा?

उत्तर : तसं नका म्हणू, निदान त्यांच्यासमोर तरी नको. उत्तराखंडात पिथौरागढ जिल्ह्यातल्या दारमा, ब्यांस, चौदांस या खोऱ्यांतला हा रं समाज, आणि रं लो म्हणजे एकच बोली नाही बरं का, खोऱ्याखोऱ्यात वेगळी, तिबेटी-बर्मी घराण्यातली. उन्हाळ्यात वर गुंजी, कुटीला आणि थंडीत खाली धारचुल्याला असं यांचं वर्ष जायचं, तिबेटशी व्यापार होता तो १९६२च्या युद्धाने तुटला, १९६७ला अनुसूचित जमातीत नाव आलं, पोरं शिकली, नोकरीला बाहेर पडली. चांगलंच झालं ते, पण जिथे ही भाषा रोज लागायची ती कामंच सुटली.

बोलणारे किती यावर फार जाऊ नका. आपल्या जनगणनेत दहा हजारांच्या आतली भाषा वेगळी दाखवतच नाहीत. युनेस्कोने २००३ला भाषेची तब्येत बघायला नऊ निकष दिले, त्यात पहिलाच हा की घरातली भाषा पोरांपर्यंत पोचते का. तुमच्या शेजारचा पोरगा हिंदीत उत्तर देतो म्हणजे आईचं त्याला समजतंय ना! कान शाबूत आहे, जीभ तेवढी वळायची राहिलीये, आणि सातवीत ती अजून वळते.

मागे नाशिकच्या जुन्या सीबीएस बसस्टँडवर सुरगाण्याच्या गाडीची वाट बघताना एक आजी नातवाशी कोकणा या आदिवासी बोलीत बोलत होती, तर आईने पोराला दटावलं, मराठीत बोल, शाळेत हसतात. तो गप्पच बसला, मला अजून आठवतं त्याचं तोंड.

रं लोकांनी मात्र जोर लावलाय. स्वतःची लिपी नाही तर व्हॉट्सअ‍ॅपवर गोष्टी, गाणी टाकून एकमेकांच्या चुका सुधारतात, २०१९ला ‘मन की बात’मध्येही त्याचा उल्लेख झाला होता. तुम्ही एवढं करा, पोरगा समोर असताना वहिनींना विचारा, पाण्याला काय म्हणता, भाकरीला काय म्हणता. त्या सांगायच्या आधी तोच सांगतो का बघा, आणि मला कळवा.